सोड आलीच नाही

"मग हात सोडला का नाहीस?"

पुतळाबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळेला आवाजात काळजी होती. तिसऱ्या वेळेला काळजी उतू जाऊन संपली होती आणि खाली नुसता जाळ उरला होता. समोर पलंगाच्या कडेला त्यांची सून तेजस्वी बसली होती. उजवं मनगट सुजून टम्म, त्यावर दवाखान्यातली पट्टी, आणि चेहरा असा, की रडायचं राहून गेलेलं आहे पण आता सगळ्यांदेखत रडायचं नाही.

"सोड आलीच नाही, आई," ती म्हणाली. "आली असती तर सोडला असता."

उत्तर चुकीचं नव्हतं. उत्तर पुतळाबाईंनीच शिकवलेलं होतं.

बेलवलीच्या जुन्या आळीत गौरी आल्या की बाया चौकाचा नाच नाचतात. देवळाच्या मंडपात रांगोळीनं मोठा चौक आखायचा. चौकाच्या चार बाजूंना चार जोड्या. ज्या जोडीची जी बाजू, ते तिचं घर. आणि चौकाबाहेर एका कोपऱ्याला उभी राहून एक बाई हाका देणार. तिला हाकारीण म्हणायचं. तिनं 'धर' म्हटलं की हात धरायचे, 'बदल' म्हटलं की फिरायची दिशा उलटी करायची, 'घरा' म्हटलं की जी जिथं असेल तिथून आपल्या घरी यायचं. आणि 'जातं' म्हटलं की चौघीजणींनी मध्ये येऊन एकमेकींची मनगटं पकडायची, त्यांच्या मोकळ्या हाताला बाहेरच्या चौघींनी लागायचं, आणि आठ बायांचं जातं गरगरायला लागायचं.

हे जातं दिसायला सुंदर आणि नाचायला वाईट. वेगात असताना एखादीनं आपल्या अकलेनं हात सोडला तर बाहेरची बाई सरळ खांबावर जाऊन आदळते. पुतळाबाईंच्या सासूच्या काळात एकीचे पुढचे दोन दात असेच गेले होते. तेव्हापासून नियम पडला: हाकेच्या आधी पाऊल नाही, आणि 'सोड' ऐकल्याशिवाय सुटका नाही. हात तुटला तरी चालेल. पुतळाबाई अठ्ठावीस वर्षं हाकारीण होत्या. 'हात तुटला तरी चालेल' हे त्या प्रत्येक नव्या सुनेला हसत हसत सांगायच्या. आज ते बोलणं पट्टी बांधून समोर बसलं होतं.

"पण हाक दिली कोणी?" त्यांनी विचारलं. "मी तर दोन महिने झाले, औषधं खात घरी बसलेय."

तेजस्वीनं दाराकडे पाहिलं. दारात भूपेश उभा होता, हातात मलमाची ट्यूब.

भूपेश म्हणजे पुतळाबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. लग्नाचे हॉल सजवण्याचा त्याचा धंदा आणि गावच्या मंडळाचा तो सेक्रेटरी. मनानं वाईट नाही, पण आपण हात लावला की काम झालंच, असं मानणाऱ्या जातीचा. येत्या रविवारी अंबरनाथला लोककलांची स्पर्धा होती आणि त्यानं चौकाच्या नाचाचं नाव घातलं होतं, एवढं पुतळाबाईंना माहीत होतं.

"काकी, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "डॉक्टर बोलला ना, फक्त मुरगळलंय. आणि खरं सांगू? बायकांनी पण थोडा कॉमन सेन्स लावायला पाहिजे होता. हात पिरगळतोय हे समजतंय, तर सोडा ना! ट्रॅक काय करणार त्यात?"

"कसला टराक?"

भूपेशनं ट्यूबचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं.

आधी धबाधबा असा एक ठोका आला, ज्यावर हल्ली हळदीत पोरं नाचतात तसला. आणि त्या ठोक्यावर पुतळाबाईंचाच आवाज. "धर!... बदल!... जातं!" स्वतःचा आवाज फोनमधून ऐकून त्यांना क्षणभर वाटलं, आपण मेलोय आणि घरात कोणीतरी आपली आठवण काढतंय.

हा आवाज त्यांनीच दिला होता. मार्गशीर्षात भूपेश गोड बोलून आला होता, 'काकी, नव्या पोरींना घरी प्रॅक्टिस करायला पाहिजे, एकदा सगळ्या हाका म्हणून दे.' त्यांनी दिल्या. देवापुढं दिवा लावून, नीट बसून दिल्या. स्टेजवर त्याच वाजवायच्या, हे तो बोलला नव्हता.

त्या ऐकत राहिल्या. एकदा संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." परत ऐकलं.

"माझी सोड कुठाय?"

"म्हणजे?"

"धर हाय, बदल हाय, घरा हाय. सोड कुठं गेली? अकरा वेळा म्हटलेली मी."

भूपेशनं डोकं खाजवलं. "अच्छा, ते... उल्हासनगरला मधु म्हणून माझा साउंडवाला आहे. तो बोलला, काकी मध्ये मध्ये खाकरतात, श्वास सोडतात, ते सगळं क्लीन केलंय."

"खाकरतात!"

हा शब्द इतक्या जोरात निघाला की शेजारच्या विठाबाई धुणं टाकून आल्या. चौकात तेजस्वीच्या पलीकडचा हात त्यांचाच होता. सकाळच्या सरावात त्यांच्या दणकट पंजातच तेजस्वीचं मनगट अडकलं होतं. फोनमधून 'बदल' आलं, निम्म्या बाया उलट्या फिरल्या, निम्म्यांचे हात धरलेलेच राहिले, आणि मध्ये सापडली ही.

"पुतळे, मला काय ठावं गो," विठाबाई दारातूनच म्हणाल्या. "मी सोडच्या वाटेवर कान देऊन होते. देवाशपथ."

"तुझी काय चूक नाय. तू धरलंस हेच बरोबर." पुतळाबाईंचे डोळे भूपेशवरून हलले नव्हते. "अरे, सोड ओरडायची नसते. धर ओरडायची. सोड ओरडली की बाया दचकून झटका मारतात, खांदे निखळतात. म्हणून सोड श्वासात द्यायची, हळू. कान देणारीलाच ऐकू येईल एवढी. आणि तुमच्या त्या शहाण्यानं तेवढीच पुसली! मंगळसूत्र ठेवलं नि दोरा ओढून घेतला!"

"काकी, सॉफ्टवेअरला काय कळणार..."

"सॉफ्टवेअरला नाय कळणार. तुला?"

भूपेशनं फोन खिशात घातला.

"उद्या सकाळी गाडी काढ," त्या म्हणाल्या. "मला त्या मधुकडं यायचंय."

दुसऱ्या दिवशी गाडीत पुतळाबाई मागच्या सीटवर पदर घट्ट आवळून बसल्या. भूपेशनं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. यंदाच्या आंब्याचं काढलं, देवळाच्या कळसाचं काढलं. अंबरनाथ एमआयडीसीपाशी आले तसा काचा बंद असूनही कारखान्यांचा तो आंबट वास आत आला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. भूपेशनं आरशातून मागे पाहिलं आणि गाडी हळू केली. हे त्यांनी पाहिलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

मधुचा स्टुडिओ उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खालून शिवणयंत्रांची घरघर जिन्यातून वर येत होती. मधु मूळचा संगमनेरकडचा, पण सिंधी शेठ लोकांत राहून येईल त्याला 'साईं' म्हणायची सवय त्याच्या तोंडात बसलेली.

"या साईं, या! काकी, तुम्हीच का त्या? क्या आवाज है! मी तर फॅन झालोय तुमचा."

"फॅन झालास म्हणून माझी जीभ कापलीस होय रे?"

मधु हसता हसता थांबला. प्रकरण समजून घेतलं, कान पकडले, मनापासून वाईट वाटून घेतलं. मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. पाच मिनिटांत त्यानं पुसलेल्या सगळ्या 'सोड' शोधून परत बसवल्या. "लो काकी, सब वापस. एक पण कमी नाही. आता तर खुश?"

पुतळाबाईंनी ऐकलं. अकराच्या अकरा होत्या. बोट ठेवायला जागा नव्हती. भूपेशनं सुस्कारा टाकला.

"उठा," पुतळाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"दोघं. मधी या. मनगटं धरा एकमेकांची. जातं फिरवायचंय."

"काकी, इथं?"

"मग काय रांगोळी घालू का तुला? उठ!"

मधुनं खुर्ची बाजूला केली. दोघांनी एकमेकांची मनगटं धरली आणि त्या चिंचोळ्या खोलीत गोल फिरू लागले. मधु सडपातळ, पायाला चपळ. भूपेशचं पोट त्याच्या दोन पावलं पुढं. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत भूपेशचा पाय वायरीत अडखळला, तो सावरायला वाकला आणि नेमकी त्याच वेळी स्पीकरमधून पुतळाबाईंची हळुवार 'सोड' आली. मधुनं आज्ञाधारकपणे हात सोडला. भूपेश उलट्या पावलांनी जाऊन टेबलावर बसला. टेबलावरचा चहा त्याच्या पँटवर सांडला.

"आई गं!"

"लागलं?"

"लागणारच ना, काकी!"

"मी असते तर तुझं पोट बघून एक ठोका थांबले असते," पुतळाबाई म्हणाल्या. "तू सावरलास की मग सोड दिली असती. आठ बायांत जिचं पाऊल सगळ्यात मागं, तिच्यावर डोळा ठेवून हाक द्यायची असते रे. आज एकीचे गुडघे दुखतात, उद्या एकीला दिवस गेलेले असतात. कीर्तनात बुवा बघतोस ना? टाळकऱ्यांचे चेहरे बघतात, मृदंगवाल्याला घाम फुटला की चाल उतरवतात. कोण सांगतं त्यांना? डोळे सांगतात. ह्या डब्याला डोळे कुठं आहेत ते दाखव मला!"

मधु हळूच म्हणाला, "काकी, किती सेकंदांनी पाहिजे ते सांगा, मी ॲडजस्ट करतो."

"सेकंद!" त्या त्याच्याकडे अशा वळल्या की तो मागे सरकला.

तेवढ्यात भूपेशचा बांध फुटला. ओली पँट झटकत तो उठला आणि पहिल्यांदाच काकीवर आवाज चढवून बोलला.

"मग कोण देणार हाक? तू? आता गाडीत येताना काय झालं बघितलं मी. मागच्या गौरीला चौथ्या हाकेला तुझा दम गेला, बाया मध्येच उभ्या राहिल्या, सगळं गाव बघत होतं. मी कुणाला काय बोललो? अठ्ठावीस वर्षं तू हाक दिलीस. कोणाला शिकवलीस? एक नाव सांग! एक! तेजस्वी वहिनीनं विचारलेलं, तिला तू काय म्हणालीस ते घरात सगळ्यांना माहितीये. मशीनला नसती दिली तर कोणाला दिली असतीस हाक? बरोबर घेऊन जाणार होतीस का वर?"

खाली यंत्रं घरघरत होती. मधुनं उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली.

पुतळाबाईंनी चपला घातल्या आणि जिना उतरल्या. माणूस खोटं बोलला तर त्याला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. भूपेश खरं बोलला होता, आणि त्यामुळे सगळा राग गिळलेल्या काट्यासारखा घशात आडवा राहिला.

तेजस्वी साताऱ्याकडची. लग्न होऊन आली त्या वर्षीच चौकात उभी राहिली आणि दोन वर्षांत तिला आठही जागांची पावलं पाठ झाली. मग एका गौरीच्या आदल्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, 'आई, मी हाक शिकू का?' आणि पुतळाबाई म्हणाल्या होत्या, 'तुझ्या तोंडात आमची हाक बसायची नाय. घरा म्हणायचं तिथं तू घराकडं म्हणतेस. बाया हसतील.' म्हणताना त्यांना वाटलं होतं आपण चेष्टा केली. तेजस्वीनं भाकरी उलटली होती आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं. सहा वर्षं झाली याला.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, एकादशीचं. पाच वाजता पुतळाबाई नेहमीच्या खांबाला टेकून बसल्या. आयुष्यात कितीही काही होवो, कीर्तनात बसलं की त्यांचं मन धुतलेल्या तांदळासारखं नितळ व्हायचं. घरात कोणी गेलं त्या महिन्यातही व्हायचं. बुवा आळंदीकडचे होते, तरुण, आवाज खणखणीत. त्यांनी निरूपणाला घेतलं की माणूस काही ना काही धरून बसतो. मान धरतो, जागा धरतो, राग धरतो. "माउली," बुवा पुढं झुकून म्हणाले, "सोडा! सोडलं की सुटलं!" टाळकऱ्यांनी टाळ उचलले, सगळा मंडप विठ्ठल विठ्ठल करू लागला.

पुतळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोडा म्हणायला याचं काय जातंय? सोडायच्या आधी समोरची सावरलेली आहे का, हे बघितलंय का यानं? म्हणे सोडा!

आणि त्या उठल्या. आरतीआधी कीर्तनातून त्या जन्मात कधी उठल्या नव्हत्या. बायकांनी माना वळवून पाहिलं. पांडुरंगाकडे बघून त्यांनी एक हात कपाळाला लावला, 'बघून घे रे बाबा तूच,' असं काहीतरी पुटपुटल्या आणि घरी आल्या.

तेजस्वी स्वयंपाकघरात डाव्या हातानं लसूण सोलत होती. पुतळाबाईंनी मांडणीवरचे आठ पेले खाली घेतले आणि फरशीवर चार बाजूंना दोन दोन मांडले.

"इथं उभी राहा. हाक दे."

तेजस्वीनं पेल्यांकडे पाहिलं. मग सासूकडे.

"नाही देणार."

"काय?"

"नाही देणार, आई. सहा वर्षांपूर्वी विचारलं होतं मी. तेव्हा बाया हसणार होत्या. आता मशीन आलं तर माझी आठवण झाली होय? मशीनपेक्षा बरी, म्हणून?" आवाज चढलेला नव्हता, पण लसणाची पाकळी तिच्या बोटांत चिरडली गेली होती. "भूपेश भाऊजींनी निदान तुमचा आवाज मागून तरी घेतला. तुम्ही मला तेवढंही विचारत नाही. उभी राहा, हाक दे. जसं काही मी पण तुमच्या फोनातलं बटणच."

"मी तुझ्या बऱ्यासाठी..."

"माझ्या बऱ्यासाठी माझ्या हाताला विचारा."

पुतळाबाईंच्या ओठांवर आलं होतं, की घरात मोठ्यांशी असं बोलतात का. ते बाहेर पडलं नाही. खाली वाकून त्या एक एक पेला उचलू लागल्या. खूप वेळ लागला. तेजस्वीनं मदत केली नाही.

रविवारी दुपारी अंबरनाथच्या सभागृहात पडद्यामागे गर्दी उसळलेली. कुठं ढोलपथक, कुठं शाळेच्या पोरी, कुठं कुणाची हरवलेली नथ शोधणं चाललेलं. बेलवलीच्या आठ बाया हिरव्या नऊवारीत एका भिंतीला टेकून उभ्या होत्या. तेजस्वीच्या जागी शेजारची रिद्धी होती, कॉलेजातली, घाबरून पाणी पाणी झालेली. तेजस्वी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सगळ्यांच्या पिना लावत होती. पुतळाबाई एका खुर्चीवर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायची हिंमतही कोणाची नव्हती.

भूपेश पेन ड्राइव्ह उंचावत आला. "चला, नंतरचा नंबर आपला. ट्रॅक एकदम ओके आहे, सोड पण आहे. पाच मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तर मार्क कापतात. टेन्शन फ्री!"

"मी नाय जाणार," विठाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या डब्याच्या हाकेवर मी कुणाचं मनगट धरणार नाय. ह्या हातानं पोरीचा हात मोडला असता. झोप नाय मला चार दिवस. माणसाची हाक असंल तर सांग, नायतर मी बसते हितंच." आणि एवढी मोठी बाई खरोखरच फतकल मारून जमिनीवर बसली.

"अहो विठाकाकी, प्लीज! लास्ट मोमेंटला ड्रामा नको!"

"डरामा तुझा. हात माझा."

मग रिद्धी म्हणाली, मला पण भीती वाटते. दुसरी म्हणाली, सोड ऐकूच आली नाही स्टेजवर तर? तिसरी म्हणाली, एवढं साडी नेसून आलो ते काय फोटो काढायला? आठ तोंडं एकदम सुरू झाली. बाहेर निवेदिका नाव पुकारत होती. भूपेशचा चेहरा लाल झाला होता. "सगळं तुझ्यामुळे, काकी! तूच डोक्यात भरवलंस यांच्या!"

"माझ्यामुळेच," पुतळाबाई उठत म्हणाल्या. "सरक. मी देते हाक." त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि आवाज बघायला एकदा मोठ्यानं म्हटलं, "ध..."

आधीच्या नाचात सोडलेला तो पांढरा धूर अजून पडद्यामागे रेंगाळत होता. खोकला असा आला की त्यांना भिंत धरावी लागली. पाठीवर कोणाचा तरी हात फिरू लागला. डावा हात.

"आई, बसा," तेजस्वी म्हणाली. पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्या प्यायल्या. वर पाहिलं तर सुनेच्या डोळ्यांत दया नव्हती, त्या संध्याकाळचाच राग होता, जसाच्या तसा.

"मी देते हाक," ती म्हणाली. "विठाकाकींसाठी आणि या पोरीसाठी. पण मी माझ्या तोंडानं देणार, तुमच्या नाही. आणि मी देत असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"मी कशाला बोलू?"

"तुम्ही बोलणार. मला माहितीये. आणि बोललात तर काय होतं तेही तुम्हालाच माहितीये."

माहीत होतं. एका चौकात दोन हाका नाहीत. दुसरी हाक कानावर आली की बायांनी जिथल्या तिथं थांबायचं, मग ती हाक देवानं दिली तरी. हा नियमही पुतळाबाईंच्याच सासूचा.

विठाबाई जमिनीवरून उठल्या. भूपेश "वहिनी, पण टाइम..." एवढंच म्हणू शकला, तोवर पडदा हलला.

पुतळाबाई पडद्याच्या बाजूला, दोरीपाशी उभ्या राहिल्या. तिथून त्यांना बायांच्या पाठी दिसत होत्या, आणि पलीकडच्या कोपऱ्यावर तेजस्वी. सभागृहाच्या ढोलकीवाल्यानं ठेका धरला. "धरा गं!" तेजस्वीनं हाक दिली. धरा गं! अठ्ठावीस वर्षांत चौकात कोणी 'गं' घातला नव्हता. पुतळाबाईंचा जबडा आवळला गेला. पण बायांनी धरलं. "बदला!" बदललं. एकदा 'घरा'च्या जागी ती "माघारी" म्हणाली, जी हाकच नाही. बाया अर्धा ठोका गोंधळल्या, पुढून कोणीतरी हसलं, आणि पुतळाबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला.

मग जातं. चौघी मध्ये, चौघी बाहेर, हिरवं चक्र फिरू लागलं. एक फेरी. दोन. तीन. आता सोड. आता द्यायला पाहिजे, चौथ्या फेरीच्या तोंडाला सोड येते, ही का गप्प? पाचवी फेरी सुरू झाली. विठा कलली. सोड, सोड, अगं सोड दे, सटवे, कोणाचे दात पाडतेस! शब्द घशापर्यंत आला, जिभेवर आला. पुतळाबाईंनी बोळ्यावर दात रोवले, दोन्ही हातांनी दोरी पकडली आणि डोळे मिटले. साठ वर्षांत इतका संताप त्यांना कधी आला नव्हता आणि इतक्या संतापात त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या.

"सोडा," तेजस्वी म्हणाली. हळू. श्वासात.

डोळे उघडले तेव्हा चक्र फुलासारखं उमललं होतं आणि आठही बाया आपापल्या पायांवर होत्या.

टाळ्या बऱ्या पडल्या. परीक्षकांनी मार्क कापले, कारण नाच वीस सेकंद जास्त चालला. हे सांगत भूपेश आत आला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नव्हतं. पुतळाबाईंनी तोंडातला बोळा काढला होता आणि चार दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं.

"पाचवी फेरी? कोणी सांगितलं तुला पाचवी? सोड चौथीच्या तोंडाला! आणि माघारी काय, माघारी? बैल हाकतेस का? जीव गेला होता माझा तिकडं!"

"रिद्धीच्या पायात साडीचा काठ अडकला होता," तेजस्वी म्हणाली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. "तिसऱ्या फेरीपासून. तो सुटेपर्यंत थांबले. तुम्हाला तिथून पाय दिसत नव्हते."

रिद्धीनं काठ पुढं धरला. वितभर फाटलेला होता.

पुतळाबाईंनी काठ हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. कुठंतरी चूक सापडावी म्हणून बघत राहिल्या.

"पाय दिसत नव्हते," त्या म्हणाल्या. मग एकदम भूपेशवर फिरल्या. "आणि तू काय बघत उभा राहिलायस? वीस सेकंद म्हणे! पोरीच्या पायात काठ आहे, हे तुझ्या परीक्षकांना सांगितलंस का? नाय? मग जा, सांगून ये! जा की!"

भूपेश गेला. जाताना तो पुटपुटत होता, पण गेला.

पुतळाबाई खुर्चीवर बसल्या. शेजारची रिकामी खुर्ची पायानं ओढली आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या,

"बस. हात दाखव. दुखतोय का अजून?"

तेजस्वी लगेच बसली नाही. मग बसली, पण हात तिनं आपल्याच मांडीवर ठेवला. "दुखतोय," ती म्हणाली.